विश्लेषण : तीन शहरे, ५० वर्षे, एकही स्टॅनली चषक नाही… आइस हॉकीच्या एका भटक्या संघाची गोष्ट काय सांगते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'युटा मॅमथ' हे नाव उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) पहिल्यांदा झळकले. नाव नवे असले तरी त्यामागचा प्रवास १९७२ मध्ये कॅनडातील विनिपेग शहरातून सुरू झाला होता. तेथून हा संघ अॅरिझोनाच्या वाळवंटात गेला. तिथे दिवाळखोरी, न्यायालयीन लढाई, करदात्यांच्या पैशांवरून वाद आणि जनमत चाचणी असे सगळे झाले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीला हलवण्यात आला. हे का घडले, प्रत्येक टप्प्यावर पैसे कोणी मोजले आणि संघ गेल्यावर त्याचा इतिहास कोणाच्या नावावर राहिला, याचा हा आढावा.

संघाचा जन्म कसा झाला?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक आइस हॉकीवर एनएचएलची मक्तेदारी होती. खेळाडू एका संघाशी करारबद्ध झाला की त्याला दुसरीकडे जाणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे मानधन मालक ठरवतील तेवढेच मिळत असे. या मक्तेदारीला आव्हान देण्यासाठी वर्ल्ड हॉकी असोसिएशन (डब्ल्यूएचए) ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि १९७२ मध्ये १२ संघांनिशी तिचा पहिला हंगाम सुरू झाला. विनिपेग जेट्स हा त्यांपैकीच एक संघ.

विनिपेग हे कॅनडाच्या मध्यभागी, मॅनिटोबा प्रांतातील कडाक्याच्या थंडीचे शहर. हॉकीचे वेड मोठे, पण बाजारपेठ लहान. अशा शहराने २७ जून १९७२ रोजी सगळ्यांना धक्का दिला. शिकागो ब्लॅकहॉक्सचा सुपरस्टार बॉबी हल याने जेट्सशी १० वर्षांचा करार केला. कराराची रक्कम होती सुमारे साडेसत्तावीस लाख डॉलर. त्यातील १० लाख डॉलर त्याला आगाऊ मिळाले आणि ही आगाऊ रक्कम नव्या लीगमधील सर्व संघांनी मिळून उभी केली. हलसारखा खेळाडू आला तर लीगला विश्वासार्हता मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता.

या करारानंतर इतर खेळाडूंचे मानधनही वाढू लागले. हलला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. त्याच वर्षी कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या गाजलेल्या मालिकेतून, एनएचएल सोडल्याच्या कारणाने, त्याला वगळण्यात आले.

दुसरा टप्पा १९७४ चा. आंदेर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन हे दोन स्वीडिश खेळाडू जेट्समध्ये आले. युरोपीय खेळाडू उत्तर अमेरिकेच्या दणकट खेळात टिकणार नाहीत, असा तोपर्यंत समज होता. हल, हेडबर्ग आणि निल्सन या त्रिकुटाने वेगवान पासिंगच्या जोरावर तो मोडून काढला. जेट्सने १९७६, १९७८ आणि १९७९ असा तीन वेळा डब्ल्यूएचएचा अॅव्हको चषक जिंकला. संघाच्या संपूर्ण प्रवासातील सर्वाधिक यशाचा काळ हाच.

एनएचएलमधील प्रवेश महागात का पडला?

१९७९ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे डब्ल्यूएचए बंद पडली. तिच्यातील विनिपेग, एडमंटन, क्विबेक आणि हार्टफर्ड या चार संघांना एनएचएलने सामावून घेतले. अटी मात्र कठोर होत्या. प्रत्येक संघाला ६० लाख डॉलर प्रवेश शुल्क भरावे लागले. त्याशिवाय ज्या खेळाडूंचे हक्क एनएचएलच्या जुन्या संघांकडे होते, ते खेळाडू त्या संघांना परत घेता आले. नव्या संघांना दोन गोलरक्षक आणि दोन अन्य खेळाडू एवढेच राखून ठेवता येणार होते.

परिणामी नुकताच चषक जिंकलेला जेट्स एका उन्हाळ्यात मोडकळीस आला. १९८०-८१ च्या हंगामात ८० पैकी केवळ ९ सामने त्यांना जिंकता आले. त्याच हंगामात सलग ३० सामने विजयाविना गेले आणि हा नकोसा विक्रम त्यांच्या नावावर लागला.

तळाला राहिल्यामुळे १९८१ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड करण्याची संधी मिळाली आणि डेल हावरचक संघात आला. पुढच्याच हंगामात संघाचे गुण ३२ वरून ८० वर गेले. १९८७ च्या बाद फेरीत विनिपेगच्या प्रेक्षकांनी पांढरे कपडे घालून अख्खे स्टेडियम पांढरेशुभ्र केले. 'व्हाइटआउट' म्हणून ओळखली जाणारी ही प्रथा तेव्हापासून रूढ झाली. १९९२-९३ मध्ये फिनलंडच्या तेमू सेलेनने पदार्पणाच्या हंगामात तब्बल ७६ गोल केले. नवोदितासाठी हा आजही विक्रम आहे. स्टॅनली चषक मात्र दूरच राहिला.

विनिपेगने संघ का गमावला?

कारणे तीन होती आणि ती एकाच वेळी आली. पहिले, चलन. जेट्सचे उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये होते, तर खेळाडूंचे मानधन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागे. १९९० च्या दशकाच्या मध्यात कॅनेडियन डॉलरची किंमत ७० ते ७५ अमेरिकी सेंटपर्यंत घसरली. म्हणजे काहीही न बदलता मानधनाचा बोजा वाढला.

दुसरे, मानधनाला मर्यादा नव्हती. आज एनएचएलमध्ये संघाच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा आहे, पण ती २००५-०६ च्या हंगामापासून आली. तोपर्यंत न्यूयॉर्क किंवा डेट्रॉइटसारखे श्रीमंत संघ बोली वाढवत नेत आणि लहान शहरांची दमछाक होई. तिसरे, स्टेडियम. १९५५ मध्ये उघडलेल्या विनिपेग एरिनामध्ये कंपन्यांना विकता येतील अशा आलिशान बॉक्सचे उत्पन्न नव्हते.

१९९५ मध्ये संघ वाचवण्यासाठी शहर रस्त्यावर उतरले. देणग्या गोळा झाल्या, लहान मुलांनी आपले गल्ले रिकामे केले. तेवढ्याने संघ एक हंगाम थांबला, इतकेच. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध बाद फेरीतील पराभवाने विनिपेगमधील पर्व संपले. नव्या मालकांनी संघ फिनिक्सला नेला आणि त्याचे नाव 'कोयोटीज' झाले. त्याच्या एक वर्ष आधी, त्याच कारणांमुळे क्विबेक शहराचा संघही अमेरिकेतील डेन्व्हरला गेला होता. पहिल्याच हंगामात त्या संघाने स्टॅनली चषक जिंकला. क्विबेकच्या चाहत्यांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला.

फिनिक्समध्ये नेमके काय चुकले?

एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांना १९९३ मध्ये पद मिळाल्यापासून हॉकी अमेरिकेच्या दक्षिण आणि पश्चिम भागात न्यायची होती. फिनिक्स हे वेगाने वाढणारे महानगर त्या धोरणात चपखल बसत होते. शिवाय थंड प्रदेशांतून येथे स्थायिक झालेल्या लोकांची मोठी संख्या होती. त्यांना हॉकी शिकवावी लागणार नव्हती.

पहिली अडचण मात्र साध्या मोजमापाची होती. बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असते. एनएचएलचे बर्फाचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. फिनिक्सचे अमेरिका वेस्ट एरिना बास्केटबॉलसाठी बांधलेले होते. त्यात बर्फाचे मैदान बसवल्यावर एका टोकाच्या वरच्या सज्जातील प्रेक्षकांना जवळचा गोलच दिसेना. काही हजार खुर्च्या अशा निम्म्या दृश्याच्या होत्या आणि त्या पूर्ण दराने विकणे शक्य नव्हते.

उपाय म्हणून डिसेंबर २००३ मध्ये संघ ग्लेनडेल या उपनगरातील नव्या स्टेडियममध्ये गेला. शहराने त्यासाठी सुमारे १८ कोटी डॉलर घातले. दृश्याचा प्रश्न सुटला, पण अंतराचा निर्माण झाला. ग्लेनडेल महानगराच्या पश्चिम टोकाला आहे, तर तिकिटे परवडणारा आणि हॉकीत रस असलेला मोठा वर्ग स्कॉट्सडेलसारख्या पूर्वेकडील भागात राहतो. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत शहर ओलांडून सामन्याला जाणे अनेकांना जमेना. महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की आधी सहमालक, नंतर २००५ ते २००९ प्रशिक्षक होता. त्याच्या काळात संघ एकदाही बाद फेरी गाठू शकला नाही.

२००९ ची दिवाळखोरी महत्त्वाची का?

मे २००९ मध्ये तत्कालीन मालक जेरी मोयेस यांनी संघाच्या दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वेळी ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे सहप्रमुख जिम बाल्सिली यांनी २१ कोटी २५ लाख डॉलरची बोली लावली. अट एकच, संघ कॅनडातील हॅमिल्टनला हलवायचा.

एनएचएलने याला कडाडून विरोध केला. मुद्दा फक्त अॅरिझोनाचा नव्हता. दिवाळखोरी न्यायालयाच्या वाटेने कोणीही संघ विकत घेऊन हव्या त्या शहरात नेऊ शकला, तर सदस्य कोण आणि सामने कुठे, हे ठरवण्याचा लीगचा अधिकारच संपला असता. न्यायालयाने बाल्सिलींचा प्रस्ताव फेटाळला. अखेर एनएचएलनेच १४ कोटी डॉलरला संघ विकत घेतला आणि २०१३ पर्यंत चालवला. म्हणजे स्पर्धा भरवणारी संस्थाच एका स्पर्धकाची मालक झाली.

गंमत म्हणजे मैदानावर संघाचा सर्वोत्तम काळ हाच ठरला. प्रशिक्षक डेव्ह टिपेट यांच्या मार्गदर्शनाखाली २००९-१० मध्ये संघाने ५० सामने जिंकले आणि १०७ गुण मिळवले. २०१२ मध्ये शिकागो आणि नॅशव्हिलला हरवून संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. १९८७ नंतर बाद फेरीतील मालिका जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. तेथे लॉस एंजेलिस किंग्जने त्यांना रोखले. एनएचएलमध्ये या संघाने याहून पुढे कधीच मजल मारली नाही.

करदात्यांनी किती सोसले?

संघ गेला तर कोट्यवधी खर्चून उभारलेले स्टेडियम रिकामे पडेल, या भीतीने ग्लेनडेल शहराने दोन हंगामांसाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर एनएचएलला तोटा भरून काढण्यासाठी देऊ केले. २०१३ मध्ये नवे मालक आले. त्यांच्याशी १५ वर्षांचा करार झाला आणि स्टेडियम चालवण्याच्या मोबदल्यात शहराने वर्षाला दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. हे सारे आर्थिक मंदीनंतर, नागरी सेवांना कात्री लागत असताना घडत होते.

जून २०१५ मध्ये नगर परिषदेने हितसंबंधांच्या संघर्षाचे कारण देऊन हा करार रद्द केला. त्यानंतर संघ वर्षा-दोन वर्षांच्या भाडेकरारांवर राहिला. २०१९ मध्ये अॅलेक्स मेरुएलो यांनी संघाची मालकी घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेनडेलने २०२१-२२ नंतर करार वाढवणार नसल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये तर थकीत कर आणि देणी न भरल्यास संघाला स्टेडियमचे दरवाजे बंद करण्याचा इशारा शहराने दिला. ही मानवी चूक असल्याचे सांगत संघाने रक्कम भरली. संबंध मात्र संपल्यात जमा होते.

टेम्पेच्या मतदारांनी 'नाही' का म्हटले?

२०२२ मध्ये कोयोटीज टेम्पे येथील अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मलेट एरिनामध्ये खेळू लागला. क्षमता जेमतेम पाच हजार. एनएचएलचे इतर संघ १५ ते २० हजार प्रेक्षकांसमोर खेळत असताना हा संघ महाविद्यालयाच्या मैदानावर भाडेकरू होता. नवे स्टेडियम होईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती.

ते स्टेडियम टेम्पेमध्येच, कचरा टाकण्याच्या जुन्या जागेवर उभारायचे ठरले. सुमारे ४६ एकर जमीन, २१० कोटी डॉलरचा प्रकल्प, सोबत घरे, हॉटेल आणि दुकाने. मालकांचा दावा होता की बहुतांश खर्च खासगी असेल. विरोधकांचा आक्षेप दीर्घकालीन करसवलतींना होता. विमानतळाच्या उड्डाणमार्गाखाली घरे बांधण्याला शेजारच्या फिनिक्स शहराचाही विरोध होता आणि त्यासाठी ते न्यायालयात गेले होते.

१६ मे २०२३ रोजी मतदान झाले. प्रकल्पाशी संबंधित तिन्ही प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. विरोधात सुमारे ५६ टक्के मते पडली. ग्लेनडेलमध्ये काय घडले, हे या मतदारांनी १५ वर्षे शेजारून पाहिले होते. त्यांचा राग हॉकीवर नव्हता. संघाच्या आश्वासनांवरील विश्वास उडाला होता.

युटाशी झालेला व्यवहार वेगळा कसा?

टेम्पेच्या निकालानंतर खेळाडू संघटनेचा संयम सुटू लागला. तिचे प्रमुख मार्टी वॉल्श यांनी २०२४ च्या सुरुवातीला उघडपणे नाराजी व्यक्त केली. त्यामागे व्यवहारही होता. २०१३ पासूनच्या करारानुसार लीगच्या हॉकीसंबंधित उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा असतो. एक संघ पाच हजारांच्या मैदानावर खेळला तर एकूण उत्पन्न घटते आणि त्याची झळ इतर सर्व संघांतील खेळाडूंना बसते.

१७ एप्रिल २०२४ रोजी कोयोटीजने एडमंटनला ५-२ असे हरवले. हा त्यांचा शेवटचा सामना. दुसऱ्याच दिवशी लीगने १२० कोटी डॉलरच्या, म्हणजे साधारण १० हजार कोटी रुपयांच्या व्यवहाराला मंजुरी दिली. त्यातील १०० कोटी मेरुएलो यांना आणि २० कोटी इतर संघमालकांना मिळाले. घेणारे होते रायन स्मिथ. क्वालट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक आणि युटा जॅझ या बास्केटबॉल संघाचे मालक.

तांत्रिकदृष्ट्या मात्र हे स्थलांतर नव्हते. स्मिथ यांना खेळाडू, प्रशिक्षक आणि ड्राफ्टचे हक्क मिळाले. कोयोटीजचे नाव, बोधचिन्ह आणि विक्रम अॅरिझोनातच ठेवण्यात आले. युटाचा संघ लीगच्या कागदोपत्री नवा ठरला. मेरुएलो यांनी पाच वर्षांत स्टेडियम बांधले तर त्यांना संघ पुन्हा सुरू करता येणार होता. त्यासाठी उत्तर फिनिक्समधील सरकारी जमिनीच्या लिलावावर त्यांची भिस्त होती. जून २०२४ मध्ये तो लिलाव रद्द झाला आणि काही दिवसांतच मेरुएलो यांनी हा हक्क सोडला.

संघ गेला, तर इतिहास कोणाचा?

चाहत्यांच्या दृष्टीने हा सर्वांत नाजूक प्रश्न. १९९६ मध्ये विनिपेगचा सारा इतिहास संघासोबत फिनिक्सला गेला. २०११ मध्ये अटलांटा थ्रॅशर्स हा दुसराच संघ १७ कोटी डॉलरला विनिपेगमध्ये आणला गेला. त्यात ६ कोटी डॉलर लीगचे स्थलांतर शुल्क होते. नवे स्टेडियम तयार होते, मानधनावर मर्यादा आली होती आणि कॅनेडियन डॉलर सावरला होता. १३ हजार हंगामी तिकिटे काही दिवसांत संपली. या संघाचे नाव पुन्हा 'जेट्स' ठेवण्यात आले. पण अधिकृत विक्रमांनुसार हा संघ अटलांटाचा वारसदार. हल, हावरचक आणि सेलेन यांचे गोल मात्र अॅरिझोनाच्या खात्यात.

म्हणजे विनिपेगकडे नाव आहे, पण जुने विक्रम नाहीत. अॅरिझोनाकडे विक्रम आहेत, पण संघ नाही. युटाकडे खेळाडू आले, पण इतिहास २०२४ पासून सुरू होतो. या गोंधळात एकच धागा सलग राहिला, तो म्हणजे शेन डोन. १९९५ मध्ये विनिपेगमध्ये पदार्पण करून तो २०१७ पर्यंत याच संघाकडून १,५४० सामने खेळला. त्यातील १३ हंगाम कर्णधार होता. त्याचा मुलगा जॉश डोन मार्च २०२४ मध्ये कोयोटीजकडून पदार्पण करतो न करतो तोच संघ गेला. तोही युटाला गेला आणि २०२५ मध्ये बफेलोला पाठवण्यात आला.

दोष वाळवंटाचा होता का?

'वाळवंटात बर्फावरचा खेळ चालणार तरी कसा' हे वाक्य अॅरिझोनाबाबत अनेकदा ऐकू येते. वस्तुस्थिती त्याला दुजोरा देत नाही. शेजारच्या नेवाडातील लास वेगास हेही वाळवंटच. २०१७ मध्ये तिथे व्हेगास गोल्डन नाइट्स हा संघ सुरू झाला. तो पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२३ मध्ये त्याने स्टॅनली चषक जिंकला. फरक असा की त्यांचे स्टेडियम शहराच्या गजबजलेल्या भागात, खासगी पैशांतून, संघ येण्याआधीच उभे राहिले होते.

अॅरिझोनातही खेळ रुजला होता. आज एनएचएलमधील सर्वोत्तम गोल करणाऱ्यांत गणला जाणारा ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये वाढला आणि लहानपणी कोयोटीजचे सामने पाहून हॉकीकडे वळला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. संघाने मुलांपर्यंत खेळ पोहोचवला, पण स्टेडियमची जागा आणि मालकीतील अस्थैर्य हे दोन प्रश्न २८ वर्षांत सुटले नाहीत.

आयपीएलच्या चाहत्यांना हे ओळखीचे का वाटावे?

फ्रँचायझीचे अर्थकारण महाराष्ट्राला नवे नाही. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला आणि आर्थिक वादातून बाहेर पडला. रायझिंग पुणे सुपरजायंट तर मुळातच दोन वर्षांसाठी होता. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरल्यानंतर तो इतिहासजमा झाला. गहुंज्याचे स्टेडियम राहिले, हक्काचा संघ राहिला नाही.

दोन्हींत फरकही आहे. आयपीएलचे उत्पन्न मुख्यतः प्रसारण हक्क आणि प्रायोजक यांतून येते. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाला हंगामात ४१ सामने घरच्या मैदानावर खेळायचे असतात आणि तिकीटविक्रीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे स्टेडियम कुठे आहे आणि त्यातून किती पैसा मिळतो, यावर संघाचे आयुष्य ठरते. साम्य एवढेच की चाहते संघाला 'आपला' म्हणतात, पण तो कुठे खेळणार हे ठरवण्यात त्यांना मत नसते. टेम्पेमध्ये लोकांना मत होते, तेही जमीन आणि करसवलतींबाबत.

युटामध्ये चित्र बदलेल का?

सुरुवात दमदार आहे. संघ जाहीर होताच ३० हजारांहून अधिक हंगामी तिकिटांसाठी अनामत रकमा जमा झाल्या. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी पहिल्या सामन्यात शिकागोवर ५-२ असा विजय मिळाला. पहिला हंगाम 'युटा हॉकी क्लब' या साध्या नावाने खेळून संघाने ८९ गुण मिळवले, बाद फेरी हुकली. चाहत्यांच्या मतदानात 'यती' हे नाव आघाडीवर होते, पण त्याच नावाच्या शीतपेट्या बनवणाऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हामुळे ते मागे पडले. ७ मे २०२५ रोजी 'मॅमथ' हे नाव जाहीर झाले. हिमयुगातील या प्राण्याचे जीवाश्म युटामध्ये सापडले आहेत.

मात्र काही प्रश्न ओळखीचे आहेत. संघाचे मैदान डेल्टा सेंटर हेही बास्केटबॉलसाठी बांधलेले. पूर्ण दृश्य दिसणाऱ्या जागा सुरुवातीला सुमारे ११ हजारच होत्या. त्यामुळे स्टेडियमची पुनर्रचना हाती घेण्यात आली आहे. त्यासाठी आणि आसपासच्या परिसराच्या विकासासाठी सॉल्ट लेक सिटीने विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून ९० कोटी डॉलरपर्यंत निधी उभारण्याला मंजुरी दिली आहे. म्हणजे येथेही बिलाचा मोठा भाग सामान्य ग्राहक भरणार आहे, मग तो हॉकी पाहो वा न पाहो.

युटाच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. संघ आणि स्टेडियम एकाच मालकाच्या हाती असल्याने भाडेकराराचे भांडण नाही. आणि मैदान शहराच्या मध्यभागी आहे. शिवाय २०३४ चे हिवाळी ऑलिम्पिक याच शहराच्या परिसरात होणार असल्याने सार्वजनिक गुंतवणुकीला राजकीय पाठबळही आहे.

१९९६ मध्ये सुमारे साडेसहा कोटी डॉलरला विकला गेलेला संघ २०२४ मध्ये १२० कोटींना गेला. या २८ वर्षांत त्याने एकही मोठा चषक जिंकला नाही, त्यातील बराच काळ तोटा सोसला आणि दिवाळखोरीही पाहिली. तरीही किंमत अठरापट झाली, कारण लीगमधील ३२ जागा मर्यादित आहेत आणि त्या हव्या असलेली शहरे व धनाढ्य जास्त आहेत. ही टंचाईच मालकांना शहरांशी सौदा करण्याची ताकद देते. अमेरिकेतील पाचव्या क्रमांकाच्या फिनिक्स शहराला पुन्हा संघ हवा असेल, तर त्यालाही या रांगेत नव्याने उभे राहावे लागेल आणि आधी स्टेडियमची जागा दाखवावी लागेल.